तोळाभर मोगरा

मागच्या महिन्यात माझा वाढदिवस झाला. कितवा ते सांगत नाही, केस सांगतातच. इथं लातूरच्या घरात संध्याकाळी केक वगैरे झाला आणि माझी नात सई हिनं माझ्या हातात एक गुलाबी खोकं ठेवलं. आत बायकांचं सेंट. झाकणावर काचेचं फूल आणि खोक्याच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर. मला काही दिसेना. सईनंच तो मराठी करत करत वाचून दाखवला, ‘हा फुलांचा सुगंध त्या स्त्रीसाठी, जी मनानं मोकळी आहे, जी आत आली की सगळ्यांना कळतं, आणि जी स्वतःला लपवत नाही.’ वाचून झाल्यावर पोरगी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघते आणि विचारते, “आजी, तू आहेस का गं अशी?” मला एवढं हसू फुटलं की हातातला चहा बशीत आणि बशीतला पदरावर. अगं, म्हटलं, ही बाई माझ्या ओळखीची आहे! हिच्या घरी मी दोन वर्षं राहिलेय. आणि या खोक्यावर जे छापलंय ना, ते नांदेडच्या इतवाऱ्यातल्या एका अत्तरवाल्यानं माझ्या वडिलांना तोंडावर सांगितलं होतं. तेही अशा वेळी, की माझं पुढचं सगळं शिक्षण त्याच्या बोलण्यावर टांगलेलं होतं.

ही बाई म्हणजे माझी शकूमावशी, मायची धाकटी बहीण. नांदेडच्या एका दवाखान्यात ती सिस्टर होती. लग्न केलेलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारायची आमच्या खानदानात कुणाची छाती नव्हती. आमचं गाव हदगावच्या अलीकडं, शाळा दहावीपर्यंत. मला सायन्सला जायचं होतं. सायन्स म्हणजे नेमकं काय ते मलाही ठाऊक नव्हतं, पण बाईंनी वर्गात एकदा परीक्षानळीत निळ्याचं लाल करून दाखवलं होतं आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलं होतं. माझे वडील, गावचे पाटील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते म्हणाले, “एवढ्या लांब पोरीला ठिवायचं?” माय चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. “लांब कुठं? माझ्या बहिणीकडं चालली,” एवढंच बोलली. माय फार बोलायची नाही, पण बोलली की अण्णा ऐकायचे. माझी पत्र्याची पेटी भरली गेली आणि मी नांदेडला आले. काय सांगू तुम्हाला! एसटीतून उतरल्यावर माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

मावशीचं घर वजिराबादेत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, डोक्यावर पत्रा. पहाटे गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचे सूर यायचे, पाठोपाठ शेजारच्या घरातला नळ सुरू व्हायचा, आणि मग आमच्या स्टोला पंप मारल्याचा आवाज. मावशी स्टोशी भांडायची. “पेट रे मुडद्या, मला ड्युटी हाय!” असं म्हटल्याशिवाय तो पेटायचाच नाही. सकाळी मुरमुरे भिजवून त्यांचा सुशीला करायची, वर दाण्याचा कूट आणि लिंबू. नांदेडात आणि लातुरात सुशीला म्हटलं की खायचं ताट आठवतं, बाई नव्हे. पण आमच्या वर्गात सुशीला नावाची मुलगी होती आणि तिचे काय हाल व्हायचे ते विचारू नका. रात्री येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, आमटी आणि भाकरी. मावशी भाकरी थापायची ती इतक्या जोरात, की खालच्या मजल्यावरचे म्हातारे काका “सिस्टर, भूकंप झाला की काय?” असं ओरडून विचारायचे. तिचं सगळंच मोठ्यानं. चालणं, हसणं, रागावणं सगळं.

आणि तिचा तो मोगरा! आंघोळ झाली, पांढरी साडी नेसून झाली, की देवळीतली बोटभर कुपी काढायची. एक थेंब डाव्या कानामागं, एक उजव्या. बस्स, दोनच थेंब. पण काय ते अत्तर! ती जिना चढायला लागली की मला वरच्या खोलीत कळायचं, मावशी आली. ती ड्युटीवर गेली तरी आरशासमोर दहा मिनिटं मोगरा उभाच. मी खेड्यातून आलेली पोर. आमच्याकडं बायकांना अत्तर म्हणजे हळदीकुंकवाला मनगटाच्या मागं लावलेली एक रेघ, तीही घरी जाईपर्यंत उडून जायची. पुरुषांची मात्र ऐट. लग्नाला निघाले की कापसाचा फाया अत्तरात बुडवून कानाच्या पाळीत खोचायचे आणि दोन दिवस तसाच मिरवायचे. अण्णांच्याही कानात मी कितीदा बघितला होता. बाईनं रोज, कामावर जाताना, स्वतःच्या हौसेनं अत्तर लावायचं हे मी पहिल्यांदा बघत होते. मला तर वाटायचं, सायन्सबियन्स गेलं खड्ड्यात, मोठी झाले की मी शकूमावशीच होणार.

हा मोगरा यायचा इतवाऱ्यातून, युसूफचाचांच्या दुकानातून. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. चाचांची दाढी मेंदीनं लाल आणि बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. आमचे अण्णा घरातल्या प्रत्येक लग्नाला अत्तर त्यांच्याकडूनच न्यायचे, वीस वर्षांपासून. चाचांचा एक नाद होता. गिऱ्हाईक कोणतं अत्तर उचलतं त्यावरून ते माणूस कसं ते सांगायचे. “गुलाब लेनेवाली बाई समद्यांशी गोड बोलती, पर मनातलं कोणालाच सांगत न्हाई. केवडा भांडखोर. चमेलीवाली रडूबाई, उसकू कुछ बोलना नक्को.” मी गेले की हावरटासारखी विचारायची, “चाचा, मी कोणती?” चाचा माझ्याकडं बघून मान हलवायचे. “तेरा अभी ठरलं न्हाई, बेटी. अभी तुझ्याकडून साबणाचाच वास यायलाय.” मला भयंकर राग यायचा.

इथं एक गोष्ट सांगून ठेवते, पुढं लागेल. दर महिना-दोन महिन्यांनी गावाकडून कुणी आलं, की माय त्यांच्याबरोबर धपाटे, कारळाची चटणी आणि घरच्या कापसाची एक पिशवी पाठवायची. आमच्या शेतातला कापूस, सरकी काढलेला, हातानं पिंजलेला. मावशीनंच तसं सांगून ठेवलं होतं, वाती वळायला लागतो म्हणून. आता आमच्या घरात देव एक, दिवा एक, तोही संध्याकाळी आठवला तर. तरी पिशवी संपायची! मी एकदा म्हटलंसुद्धा, “मावशी, तू दवाखान्यात दिवे लावतीस का काय?” तर म्हणाली, “हाव, लावते. तू तुझा अभ्यास कर.” मी अभ्यास केला. माझं तेव्हा फक्त अभ्यासात आणि स्वतःत लक्ष होतं.

अकरावीची परीक्षा झाली आणि बारावी सुरू होऊन थोडे दिवस गेले असतील. शनिवारची दुपार होती. मावशी ड्युटीवर. मी एकटीच रसायनाची समीकरणं घोकत बसले होते, तेवढ्यात दारात अण्णा! एका हातात धपाट्यांचं फडकं, एका हातात कापसाची पिशवी. मी तर उडीच मारली. “अण्णा! अचानक कसे?” त्यांनी पाणी घेतलं नाही. पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि खोलीत नाक वर करून एकदा हुंगलं. मग म्हणाले, “चंद्रे, पेटी भर. चारच्या गाडीनं निघायचं.”

“कुठं?”

“घरी. झालं तेवढं शिक्षान बास झालं.”

मला वाटलं माय आजारी आहे. विचारलं तर म्हणाले, ती ठणठणीत हाय. मग हळूहळू, एकेक शब्द अडकत, त्यांनी सांगितलं. आमच्या गावचा सटवाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून मांडीचं हाड मोडून घेऊन नांदेडच्या दवाखान्यात दीड महिना होता, हे मला माहीत होतं. तो घरी आला. बैलगाडीतून उतरवून त्याला आत घेताना त्याच्या बायकोला, गयाबाईला, त्याच्या अंगाला मोगऱ्याचा वास आला. कानात फाया! गयाबाईनं विचारलं, हे काय? तर तो शहाणा म्हणतो, “सिस्टरनं घातला.” कोणत्या सिस्टरनं? “आपल्या पाटलाच्या मेहुणीनं.” झालं! गावात दुसरा विषयच उरला नाही. नांदेडची सिस्टर गावच्या बाप्याच्या कानात अत्तर घालती. घालती म्हणजे काय करती? विहिरीवर, पारावर, गिरणीत, जिथं जावं तिथं तेच.

“वास मारती म्हनं ती बाई,” अण्णा म्हणाले. आमच्याकडं वास ‘येतो’ तो फुलाचा आणि ‘मारतो’ तो कसला, ते सांगायला नको. “अन् तिच्या घरात माझी पोरगी. उद्या तुला कोण करून घेईल? मला तोंड दाखवाया जागा न्हाई राहिली, चंद्रे. लोक माझ्याकडं बघून हुंगून राहिले!”

मला रडू आलं आणि रागही, दोन्ही एकदमच. मावशीच्या घरात बसून, मावशीच्या भांड्यातलं पाणी नाकारून हे बोलत होते! मी म्हटलं, तिला येऊ द्या, तिला विचारा. तर म्हणाले, तिच्याशी काय बोलायचं, मेहुणी हाय, कसं विचारू? मग एकदम म्हणाले, “तिला अत्तर कोण आनून देतं? त्येवढं सांग.” म्हणजे कुणी पुरुष देत असणार, असा तो प्रश्न. माझं टाळकं सरकलं. “स्वतः घेते! स्वतःच्या पगारातून! चला, युसूफचाचांना विचारा. त्यांच्यावर तर तुमचा विश्वास हाय ना?” आणि मी, सोळा-सतरा वर्षांच्या पोरीनं, जन्मात पहिल्यांदा, अण्णांचा हात धरून त्यांना घराबाहेर ओढलं.

चाचांनी अण्णांना बसवलं, चहा सांगितला. अण्णा आडून आडून विचारायला लागले. दवाखान्यातली एक सिस्टर तुमच्याकडं येती म्हनं. चाचांचा चेहरा फुलला. “हाव, शकुंतलाबाई! पक्कं गिऱ्हाईक. खुद आती, खुद लेके जाती. मोगरा, हर महिन्याला एक तोळा.”

अण्णा माझ्याकडं वळले. “तोळाभर? महिन्याला? एका बाईला?”

रोजचे दोन थेंब तर मी डोळ्यांनी बघत होते. तेवढ्याला तोळाभर अत्तर वर्षभर पुरलं असतं. देवळीतली कुपी तर बोटाएवढी! बाकीचं जातं कुठं? खरं सांगते, त्या क्षणी मीसुद्धा मावशीवर संशय घेतला. आजही त्याची लाज वाटते, म्हणून लिहून ठेवतेय. अण्णा उठलेच. “चल. कळलं समदं.” माझी पेटी, माझी समीकरणं, माझं निळ्याचं लाल, सगळं चारच्या गाडीत बसलेलं मला दिसायला लागलं.

“बैठो, पाटील,” चाचा म्हणाले. त्यांना काय समजायचं ते समजलं होतं, धंदाच माणसं हुंगायचा. “मी तीस साल अत्तर विकून राहिलो. एक बात सांगतो. ज्या बाईला काही छुपवायचं अस्तंय ना, ती मोगरा घेत न्हाई. कभी न्हाई. मोगरा चुगलखोर! बाई यायच्या आधी येतो अन् गेल्यावरबी थांबतो. चोरी करायची तर माणूस पायात घुंगरू बांधून जाईल का? रातरानी घेईल, मजमुआ घेईल, जो पास गेल्याबिगर कळत न्हाई. मोगरा लेनेवाली समद्या गावाला सांगून चालती, मी इथं हाय, मी इथून गेले. आता तोळाभर कुठं जातंय ते मला मालूम न्हाई. पर तुम्हाला नाक दिलंय ना अल्लानं? मोगऱ्याच्या मागं मागं जावा. तो खोटं बोलत न्हाई.”

अण्णा दुकानाबाहेर आले. मग स्टँडकडं न वळता दवाखान्याकडं वळले. मी मागून जवळजवळ पळतच.

भेटायची वेळ होती. हाडांचा वॉर्ड मागच्या बाजूला, लांबलचक. दारातच फिनेलचा भपकारा आला, आणि त्याच्याखालून दुसरा एक वास. महिना-महिना प्लास्टरात अडकलेल्या पायाचा, घामाचा, बिछान्यातच सगळं करावं लागणाऱ्या माणसांचा. अण्णांनी उपरणं नाकाला लावलं. दोन पावलं गेलो आणि त्यांनी ते काढलं. मोगरा! दोन्ही बाजूंना खाटा, दोरीला विटा बांधून वर टांगलेले पाय, आणि प्रत्येक माणसाच्या कानात पांढरा शुभ्र फाया. एकूण एक कानात! मिसरूड न फुटलेला पोरगा, लष्करी मिशांचा सरदारजी, दात पडलेला म्हातारा, सगळे कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखे. मी तोंडावर हात ठेवला नसता तर तिथंच ओरडले असते.

टोकाच्या खाटेपाशी मावशीचा आवाज तापला होता. “हलू नगं म्हटलं तरी हलतो! पुन्हा हाड सरकलं तर मी न्हाई बसवनार, तुझं तू बसव!” दारालगतच्या खाटेवरचा म्हातारा अण्णांना म्हणाला, “बसा पाव्हणं. कुणाकडं आले? मी इस्लापूरचा. तीन महिने झाले. आपल्याच अंगाचा वास आपल्याला सहन होत न्हाई बगा, घास उतरत नव्हता. पोरं भेटाया यायची अन् दारातूनच माघारी जायची. या सिस्टरनं पयल्याच दिवशी कानात हे घातलं. आता नातू उशाशी येऊन बसतो.” आणि त्यानं कान पुढं केला, अण्णांना नीट दिसावा म्हणून.

अण्णांनी वाकून बघितलं. त्या कानातला फाया चिमटीत धरला, जरासा ओढला, तंतू बोटावर घोळवला. मग त्यांच्या तोंडून आलं, “हात्तिच्या! हा तर आपला कापूस हाय!” शेतकऱ्याला आपला कापूस कळतो. ज्या फायावरून गाव पेटलं होतं तो फाया आमच्याच शेतातून, आमच्याच मायच्या हातून पिंजून, आमच्याच पिशवीतून आला होता!

मावशी वळली. “दाजी! अन् तुम्ही इथं? अक्काला काय झालं का?” मग मीच सगळं एका दमात ओकून टाकलं. सटवाजी, गयाबाई, वास मारती, पेटी भर, सगळं. मावशीच्या हातात औषधाचा ट्रे होता. तो तिनं खाली ठेवला. मला वाटलं आता भूकंप होणार. पण ती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. “दाजी, मला विचारायचं तरी. घरात येऊन माझ्या पोरीची पेटी भराया लावली, अन् मला एक शब्द न्हाई?” माझ्या पोरीची, असं म्हणाली. डोळे भरले होते तिचे. माझेही. अख्खा वॉर्ड आमच्याकडं बघत होता, विटासुद्धा हलेनात.

अण्णांनी पटका काढला. वीसेक माणसांसमोर मेहुणीपुढं मान खाली घातली आणि पाटील माणूस म्हणाला, “शकुंतला, चुकलं माझं. मलाबी एक दे.”

मावशीनं पदराला डोळे पुसले, कपाटातून कुपी काढली, कापूस वळला. “वाका जरा, उंच हायत तुम्ही,” म्हणाली आणि फाया असा दाबून बसवला की अण्णा “आई गं” म्हणाले. तेव्हा कुठं वॉर्ड हसला, आणि मावशीही, तिच्या त्या नेहमीच्या, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाणाऱ्या हसण्यानं. चारची गाडी गेली. अण्णा सहाच्या गाडीनं गेले, एकटेच. माझी पेटी पलंगाखाली होती तिथंच राहिली.

पुढचं मी बघितलं नाही, मायनं सांगितलं, आणि तिनं ते इतक्यांदा सांगितलं की मला बघितल्यासारखंच वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पारावर माणसं जमायच्या वेळेला, अण्णा कानात फाया घालून मुद्दाम हळूहळू गावातून निघाले. रोज दोन मिनिटांची वाट, त्या दिवशी अर्धा तास लावला. माणसं माना वळवून बघायला लागली. गयाबाईच्या घरासमोर येऊन थांबले. ओट्यावर सटवाजी पाय पसरून बसलेला, शेजारी काठी. अण्णांनी हाक मारली, “गयावहिनी, भाईर या. अन् वास घ्या. तोच हाय का बगा.”

गयाबाई पदर सावरत आली. हुंगलं. “हाव,” म्हणाली, “तोच.”

“सिस्टरनं घातला,” अण्णा म्हणाले.

“मी आल्यापासून दुसरं काय सांगून राहिलो?” सटवाजी ओट्यावरून ओरडला.

पारावर कुणीतरी हसलं. अण्णांनी तिकडं वळून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “मोगरा आमच्या शकूचा हाय. कापूस माझ्या रानातला हाय. अन् माझी पोरगी तिच्याच घरी राहून शिकून राहिली.”